परक्या कायद्याचा माग काढताना

काही वर्षांपूर्वी नुकसानभरपाईच्या एका प्रश्नावर मी टिपण तयार केले होते. प्रश्न फ्रेंच कायद्याचा होता आणि उत्तर, निदान मला तरी, सोपे वाटले होते. ज्याच्या चुकीमुळे दुसऱ्याचे नुकसान होते त्याने ते भरून दिले पाहिजे, हा नियम फ्रेंच दिवाणी संहितेच्या कलम १३८२ मध्ये १८०४ सालापासून आहे, आणि तुलनात्मक कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा इतक्या वेळा येतो की तो न ठरवताही पाठ होऊन जातो. मी तो क्रमांक लिहिला, कलमाचे भाषांतर दिले आणि टिपण पाठवून दिले. दोन दिवसांनी तिकडच्या एका वकिलांचे अत्यंत सभ्य असे एका ओळीचे उत्तर आले : आपण उल्लेखलेले कलम अनुमानांविषयी आहे, चुकून दुसरे कलम तर जोडले गेले नाही ना?

मी फ्रेंच सरकारचे संकेतस्थळ उघडून पाहिले, तर कलम १३८२ मध्ये खरोखरच, कायद्याने स्वतः ठरवून न दिलेली अनुमाने न्यायाधीशाने कोणत्या मर्यादेत काढावीत, याविषयीचा मजकूर होता. १० फेब्रुवारी २०१६ च्या अध्यादेशाने करार, दायित्वे आणि पुरावा यांचा सगळा भाग नव्याने मांडला होता, तो १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झाला होता, आणि त्या मांडामांडीत नुकसानभरपाईचा जुना नियम एक शब्दही न बदलता कलम १२४० मध्ये जाऊन बसला होता. म्हणजे मी दिलेला मजकूर बरोबर होता, नियमही बरोबर होता, आणि तरीही टिपण चुकीचे होते. चूक सर्वस्वी माझी होती. ज्या पुस्तकावर मी विसंबले त्याच्या छपाईचे साल मुखपृष्ठामागे स्पष्ट लिहिलेले होते, मी ते वाचले नव्हते.

या कामात पूर्वी खरी अडचण मजकूर हाती येण्याची असे. परदेशातले राजपत्र कोणत्या ग्रंथालयात येते, त्याचा कोणता खंड गहाळ आहे, हे ज्याला ठाऊक तो जाणकार. आज फ्रान्सचा लेजिफ्रांस, युरोपीय संघाचा युर-लेक्स, जर्मनीच्या न्याय मंत्रालयाचे आणि ब्रिटनच्या कायद्यांचे संकेतस्थळ, ही सगळी दालने विनामूल्य उघडी आहेत आणि कलम शोधायला मिनिटही लागत नाही. नेमके त्यामुळेच पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. समोरचा पाठ कोणत्या तारखेचा आहे, कोणत्या भाषेतला आहे, तो कोणाला बांधतो, आणि तोच खरा पाठ आहे असे कोणाच्या अधिकाराने म्हणायचे? माझा आताचा बहुतेक वेळ कलम शोधण्यात न जाता या चार प्रश्नांत जातो, आणि या नोंदीत मला त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

आधी एक भेद सांगायला हवा, कारण हे काम नव्याने करणारे बरेचजण इथेच वाट चुकतात. 'आंतरराष्ट्रीय कायदा' म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधला कायदा आणि 'परदेशी कायदा' म्हणजे दुसऱ्या एखाद्या देशाचा त्याच्या हद्दीतला स्वतःचा कायदा. दुसऱ्या प्रकारात निदान एक विधिमंडळ असते, एक राजपत्र असते, न्यायालयांची उतरंड असते. पहिल्या प्रकारात यांपैकी काहीच नसते. तिथे शोधाची सुरुवात आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील, म्हणजे त्या न्यायालयाच्या घटनापत्रातील, कलम ३८ पासून करण्याची प्रथा आहे. करार, कायदा म्हणून पाळली जाणारी रूढी आणि सर्वमान्य विधितत्त्वे ही त्यात मुख्य साधने सांगितली आहेत, तर न्यायनिर्णय आणि श्रेष्ठ विधिज्ञांचे लेखन यांना नियम निश्चित करण्याची दुय्यम साधने म्हटले आहे. संविधीच्या कलम ५९ प्रमाणे तर त्या न्यायालयाचा निर्णय फक्त त्या पक्षकारांना आणि त्याच प्रकरणापुरता बांधतो. प्रत्यक्षात मात्र न्यायालय स्वतःच्या जुन्या निर्णयांचा आधार सतत घेते, त्यामुळे 'दुय्यम' हा शब्द वाचून निकालपत्रांकडे दुर्लक्ष करणे हा आळस ठरतो.

करारांचा मजकूर कुठे असतो, याचे उत्तर इतिहासात दडलेले आहे. वेस्टफालियाच्या तहाच्या वर्षापासून, म्हणजे १६४८ पासून, १९१९ पर्यंतचे करार क्लाइव्ह पॅरी या विधिज्ञाने संपादित केलेल्या २३१ खंडांच्या मालिकेत एकत्र केलेले आहेत. पहिल्या महायुद्धामागे गुप्त करारांचाही हात होता, अशी भावना तेव्हा प्रबळ होती. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जानेवारी १९१८ मध्ये मांडलेल्या चौदा मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा उघड करारांचा होता, आणि राष्ट्रसंघाच्या सनदेच्या कलम १८ मध्ये तो उतरला. नोंदणी होईपर्यंत करार बंधनकारकच नाही, असे त्या कलमाने सांगितले. राष्ट्रसंघाची करारमाला २०५ खंडांवर थांबली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १०२ ने तोच नियम जरा सौम्य केला. नोंदणी न केलेला करार निरर्थक ठरत नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगापुढे त्याचा आधार घेता येत नाही. त्या नोंदणीतून उभी राहिलेली संयुक्त राष्ट्रांची करारमाला आज अडीच हजारांहून अधिक खंडांची आहे.

ही मालिका अफाट असली तरी पहिला फेरा मी तिथे मारत नाही. छपाई नोंदणीच्या मागे काही वर्षे रेंगाळते हे एक कारण, आणि तिथे करार जन्मला तेव्हाचा दिसतो, आज तो कोणत्या अवस्थेत आहे ते सहज कळत नाही, हे दुसरे आणि मोठे कारण. आजची अवस्था सांगतो तो करार ज्याच्याकडे ठेव म्हणून सोपवलेला असतो तो. बहुपक्षीय करारांपैकी साडेपाचशेहून अधिक करार संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे ठेवलेले आहेत आणि त्यांची स्थितिदर्शक यादी सतत अद्ययावत होत असते. सगळेच करार मात्र तिथे नाहीत. १९४९ चे चार जिनिव्हा करार स्वित्झर्लंडच्या सरकारकडे आहेत, तर १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या तिघांकडे. करार हाती आला की 'हा कोणाकडे ठेवलेला आहे' हे शेवटच्या कलमांत पाहायचे, आणि त्याच दाराशी जाऊन कोण त्यात आहे ते विचारायचे.

'कोण त्यात आहे' या प्रश्नात स्वाक्षरी, अनुसमर्थन (म्हणजे करार आपल्याला बांधतो अशी देशाने दिलेली औपचारिक मान्यता) आणि अंमल अशा तीन वेगळ्या तारखा असतात, आणि वर्तमानपत्रांना सहसा पहिलीच माहीत असते. समुद्री कायद्याचा करार १० डिसेंबर १९८२ रोजी स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि १६ नोव्हेंबर १९९४ रोजी अमलात आला, म्हणजे मध्ये जवळजवळ बारा वर्षे गेली. करार कसे करावेत, कसे वाचावेत आणि कसे मोडीत काढावेत हे सांगणारा जो व्हिएन्ना करार, तो २३ मे १९६९ चा, पण त्याचा अंमल २७ जानेवारी १९८० पासूनचा. अमेरिकेने १९७० मध्ये त्यावर स्वाक्षरी केली आणि अनुसमर्थन आजवर केलेले नाही. करारांचा करार मानल्या जाणाऱ्या या दस्तऐवजाबाहेर इतके मोठे राष्ट्र उभे आहे, हे पहिल्यांदा यादीत वाचले तेव्हा मला छपाईतली चूक वाटली होती.

व्यवहारातले उदाहरण घ्यायचे तर मालविक्रीचे घेते. गोंधळ नको म्हणून राष्ट्रांमधल्या दस्तऐवजाला 'करार' आणि व्यापाऱ्यांमधल्या दस्तऐवजाला 'सौदा' म्हणते. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या सौद्यांविषयी १९८० साली व्हिएन्ना इथे एक करार झाला आणि तो १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. ब्रिटन त्यात सामील झालेले नाही. यावरून 'ब्रिटिश खरेदीदाराला हा करार लागू नाही' असे एका वाक्यात लिहून मोकळे होणारे मी पाहिले आहेत. पण त्या कराराचे पहिलेच कलम दोन वाटा देते. दोन्ही पक्षांचा व्यवसाय करारातल्या देशांत असेल तर तो लागू होतोच, आणि तसे नसले तरी कायदेनिवडीचे नियम, म्हणजे कोणत्या देशाचा कायदा लावायचा हे ठरवणारे नियम, जर करारातल्या एखाद्या देशाच्या कायद्याकडे नेत असतील तर त्या वाटेनेही तो लागू होतो. ब्रिटिश खरेदीदाराने जर्मन विक्रेत्याशी केलेल्या सौद्याला जर्मन कायदा लागू होत असेल, तर हा करार जर्मन कायद्याचाच भाग असल्यामुळे, पक्षकारांनी तो कलम ६ प्रमाणे वगळला नसेल तर, त्याच मार्गाने तो सौद्यात शिरतो. मात्र ही दुसरी वाट बंद ठेवण्याची मुभा कलम ९५ देते, आणि अमेरिकेने ती घेतलेली आहे. म्हणून मजकूर, पक्षकार-यादी आणि प्रत्येक देशाने केलेली घोषणा अशी तीन पाने शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय साध्या मालविक्रीचेही उत्तर देता येत नाही. घोषणाही कायमच्या नसतात. सौदा लेखीच असला पाहिजे अशी चीनची घोषणा होती आणि ती त्याने २०१३ मध्ये मागे घेतली.

करारात सामील होताना एखादे कलम आपल्यापुरते वगळण्याच्या किंवा बदलण्याच्या निवेदनाला परिभाषेत 'आरक्षण' म्हणतात. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द भलत्याच वादाकडे धावतो, म्हणून मी लिहिताना 'राखून ठेवलेले कलम' असे लांबण लावते. शब्द कोणताही वापरा, पण पक्षकार-यादीतले देशाच्या नावापुढचे ते बारीक टिपांचे चिन्ह सोडून पुढे जाऊ नका.

आता भाषेचा प्रश्न, ज्यात मला सर्वाधिक रस आहे. अनेक भाषांत झालेल्या करारात प्रत्येक भाषेतला पाठ सारखाच प्रमाण मानायचा, असे करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३३ सांगते. संयुक्त राष्ट्रांची सनद तर मुळातच चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा पाच भाषांत समान प्रमाण आहे. पण पाठभेद निघाला तर काय करायचे? लाग्रँड बंधूंच्या प्रकरणात हा प्रश्न अक्षरशः जिवाशी आला. कार्ल आणि वॉल्टर लाग्रँड हे दोघे जर्मन नागरिक अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात खुनाच्या गुन्ह्यात देहदंडाची शिक्षा झालेले कैदी होते. अटकेनंतर आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क त्यांना सांगितला गेला नव्हता, आणि तो सांगणे वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३ च्या वेगळ्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे आवश्यक होते. कार्लला २४ फेब्रुवारी १९९९ रोजी देहदंड दिला गेला. जर्मनीने २ मार्चला आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, ३ मार्चला न्यायालयाने वॉल्टरची शिक्षा अंतिम निर्णयापर्यंत थांबवण्यासाठी सर्व उपाय योजावेत असा अंतरिम आदेश दिला, आणि त्याच दिवशी वॉल्टरलाही देहदंड दिला गेला.

अंतरिम आदेश बंधनकारक होता की नुसती सूचना, यावर पुढचा वाद उभा राहिला. संविधीच्या कलम ४१ मधल्या इंग्रजी पाठात उपाय 'योजले जावेत' अशा मवाळ क्रियापदाचा प्रयोग आहे, तर फ्रेंच पाठातले क्रियापद 'योजलेच पाहिजेत' असे कर्तव्य सांगणारे आहे. नुसता इंग्रजी पाठ वाचणारा संशोधक 'आदेश ऐच्छिक' असे लिहून मोकळा झाला असता, आणि तसे लिहिणारे विधिज्ञ खरोखर होते. न्यायालयाने २७ जून २००१ च्या निकालात दोन्ही पाठ समोरासमोर ठेवले. भेद मिटत नसेल तर दस्तऐवजाचे उद्दिष्ट लक्षात घेऊन पाठांचा मेळ घालणारा अर्थ स्वीकारावा, हा कलम ३३ चा नियम त्याने लावला, मसुद्याची जुनी कागदपत्रे चाळली, आणि असे आदेश बंधनकारक असतात असे ठरवले. त्याआधी अनेक दशके अनिर्णित राहिलेला प्रश्न दोन भाषांतल्या दोन क्रियापदांपाशी येऊन सुटला होता. इथे आणखी एक बारकावा आहे. अमेरिका त्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचा पक्षकार नाही, हे वर आलेच आहे. तरीही न्यायालयाला त्यातला नियम वापरता आला, कारण तो नियम रूढ कायद्याचाच भाग आहे असे त्याने मानले. निकाल वाचताना तो कोणत्या भाषेत प्रमाण आहे तेही शेवटच्या परिच्छेदात सांगितलेले असते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाची निकालपत्रे इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत निघतात, पण त्यांतला एकच पाठ अधिकृत असल्याचे तिथे नमूद असते.

रूढ कायदा शोधणे हे मात्र वेगळेच प्रकरण आहे, कारण तो कुठेही एका जागी लिहिलेला नसतो. राष्ट्रांचे सर्वसाधारण आचरण आणि ते आचरण कायदा म्हणून पाळले जात असल्याची धारणा, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि त्यांचे पुरावे परराष्ट्र मंत्रालयांच्या निवेदनांत, न्यायालयांच्या निकालांत, लष्करी नियमपुस्तिकांत आणि सभागृहातल्या भाषणांत विखुरलेले असतात. एकट्याने हे सगळे गोळा करणे शक्य नसते, म्हणून आधी कोणी गोळा केले आहे का ते पाहायचे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे अहवाल आणि वार्षिके ही त्यासाठी पहिली जागा. रूढ कायदा कसा ओळखावा यावरच आयोगाने २०१८ मध्ये निष्कर्ष स्वीकारले आहेत. युद्धकाळातल्या नियमांपुरते बोलायचे तर आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने २००५ मध्ये १६१ नियमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काही नियमांशी काही राष्ट्रे सहमत नाहीत, तेव्हा तो अभ्यास उद्धृत करताना 'समितीच्या मते' हे दोन शब्द जोडायला विसरू नये.

गाजलेला निकाल हा चालू कायदा असतोच असे नाही, याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे 'लोटस' प्रकरण. २ ऑगस्ट १९२६ रोजी फ्रेंच जहाज लोटस आणि तुर्की जहाज बोझ-कुर्त यांची खुल्या समुद्रात टक्कर झाली आणि आठ तुर्की नागरिक बुडाले. फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला चालवण्याचा तुर्कस्तानला अधिकार आहे, असा निर्णय आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या आधीच्या स्थायी न्यायालयाने ७ सप्टेंबर १९२७ रोजी दिला. मते समसमान पडली होती, अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो झाला. राष्ट्रांच्या स्वातंत्र्याविषयीचा त्यातला परिच्छेद आजही उद्धृत होतो. पण टक्करीपुरता त्यातला नियम खुल्या समुद्राविषयीच्या १९५८ च्या कराराने फिरवला आणि समुद्री कायद्याच्या करारातील कलम ९७ ने तो बदल कायम केला. आता असा खटला, करारात सामील असलेल्या देशांपुरता, जहाज ज्या ध्वजाचे आहे किंवा आरोपी ज्या देशाचा नागरिक आहे त्याच देशात चालतो.

संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांविषयी एकच सूचना. महासभेच्या ठरावांचे क्रमांक १९७६ पर्यंत सलग चालत आणि पुढे कंसात अधिवेशनाचा रोमन आकडा असे. मानवी हक्कांचा जाहीरनामा म्हणूनच तिसऱ्या अधिवेशनातला २१७ क्रमांकाचा ठराव आहे. एकतिसाव्या अधिवेशनापासून मात्र क्रमांक दरवर्षी नव्याने एकपासून सुरू होतो आणि अधिवेशनाचा आकडा त्याच्या आधी येतो. ही एवढी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे मी एकदा अर्धा दिवस घालवला आहे.

परदेशी कायद्याकडे वळले की वाचण्याच्या सवयीच बदलाव्या लागतात. खटल्यांची नावे लक्षात ठेवण्याची सवय असलेला माणूस जर्मन निकाल शोधायला बसतो तेव्हा त्याला पक्षकारांची नावेच सापडत नाहीत. तिथे निकाल न्यायालय, तारीख आणि नस्ती-क्रमांक यांवरून, किंवा संग्रहाचा खंड आणि पृष्ठ यांवरून ओळखला जातो. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा १५ जानेवारी १९५८ चा ल्यूट निर्णय नावाने प्रसिद्ध असला तरी संदर्भ द्यायचा तो संविधान न्यायालयाच्या संग्रहाचा खंड ७, पृष्ठ १९८ असाच. फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे जुने निकाल त्याहून चमत्कारिक वाटतात. सगळा निकाल एका लांबलचक वाक्यात आणि कारणमीमांसा जेमतेम. १ ऑक्टोबर २०१९ पासून त्या न्यायालयाने क्रमांकित परिच्छेदांची सरळ शैली स्वीकारली आहे, पण त्याआधीच्या निकालाचा अर्थ लावायचा तर प्राध्यापकांनी त्यावर लिहिलेली टिपणे वाचल्यावाचून गत्यंतर नसते.

जर्मनीत तेच काम भाष्यग्रंथ करतात. दिवाणी संहितेचे कलम २४२ हे एक वाक्य आहे : ऋणकोने आपले दायित्व, व्यवहारातल्या रीतीचा विचार करून, निष्ठा आणि विश्वास यांना धरून पार पाडावे. या एका वाक्याच्या आधाराने तिथल्या न्यायालयांनी शंभर वर्षांत इतके नियम उभे केले आहेत की भाष्यात त्यावर शेकडो परिच्छेद आहेत. कलमाचे अचूक भाषांतर करून देणाऱ्याने प्रत्यक्षात काहीच दिलेले नसते. याच संहितेवरचे सर्वाधिक वापरले जाणारे एकखंडी भाष्य अनेक दशके पालांट या नावाने ओळखले जाई. ज्या माणसाचे हे नाव, त्याचा नाझी राजवटीतला वाटा लक्षात घेऊन प्रकाशकाने २०२१ मध्ये ते बदलण्याचे जाहीर केले आणि पुढच्या आवृत्तीपासून ते ग्र्युनेबेर्ग झाले. निर्णय योग्यच होता. मात्र ग्रंथालयाच्या यादीत जुन्या नावाने शोध घेणाऱ्याला ते भाष्य बंद पडले असे वाटण्याचा संभव आहे.

भाषांतरांवर किती विसंबावे? जपानच्या न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कायद्यांची इंग्रजी भाषांतरे मिळतात आणि ती उपयुक्त आहेत. पण कायदेशीर बळ फक्त जपानी मूळ पाठाला आहे, असे तिथेच स्पष्ट लिहिलेले असते. शिवाय भाषांतर दुरुस्तीच्या मागून येते. जपानी दिवाणी संहितेतल्या कराराविषयीच्या तरतुदी १ एप्रिल २०२० पासून मोठ्या प्रमाणात बदलल्या, तेव्हा त्याआधीचे भाषांतर हाती असलेल्याने ते जुन्या व्यवहारांपुरतेच वापरावे. तारखेप्रमाणे जुने पाठ दाखवण्याची सोय सगळीकडे नसते हेही ध्यानात ठेवायला हवे. लेजिफ्रांसवर हव्या त्या दिवशीचे कलम पाहता येते, तर जर्मन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फक्त आजचा पाठ असतो.

युरोपीय संघाच्या कायद्यात माझ्या १३८२ सारखे खड्डे जागोजागी आहेत. स्पर्धेला मारक ठरणाऱ्या संगनमताला मनाई करणारे कलम १९५७ च्या रोम करारात ८५ होते, ॲमस्टरडॅम कराराने १ मे १९९९ पासून ते ८१ झाले, आणि लिस्बन करारानंतर १ डिसेंबर २००९ पासून ते १०१ आहे. निकालांचा शोध घेताना तिन्ही आकडे टाकावे लागतात, नाहीतर चार दशकांचे निर्णय जाळ्यातून निसटतात. युर-लेक्सवर दुरुस्त्या जागच्या जागी घालून तयार केलेला एकत्रित पाठ मिळतो आणि वाचायला तोच सोयीचा असतो, पण त्याला कायदेशीर बळ नाही. प्रमाण आहे ते अधिकृत राजपत्र, आणि १ जुलै २०१३ पासून राजपत्राची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती प्रमाण मानली जाते. मी वाचते एकत्रित पाठ आणि उद्धृत करते राजपत्र.

शेवटचा प्रश्न, हा कायदा असाच आहे असे कोणी सांगायचे? इंग्लंडच्या परंपरेत परदेशी कायदा ही वस्तुस्थिती समजून तज्ज्ञ साक्षीदाराकडून सिद्ध करून घेतात. जर्मनीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ प्रमाणे न्यायाधीशाला स्वतः शोध घेण्याची मोकळीक आहे. लंडनमध्ये ७ जून १९६८ रोजी झालेल्या युरोपीय कराराप्रमाणे एका देशाचे न्यायालय दुसऱ्या देशाला त्याचा कायदा विचारू शकते, आणि गंमत अशी की मिळालेले उत्तर विचारणाऱ्याला बांधत नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९६६ पासून हा कायद्याचाच प्रश्न मानला जातो. मग एखाद्या देशाचे सरकारच पुढे येऊन 'आमचा कायदा असा आहे' म्हणाले तर? जीवनसत्त्व क च्या चिनी निर्यातदारांवर किंमती संगनमताने ठरवल्याचा दावा झाला, तेव्हा चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने अमेरिकी न्यायालयाला कळवले की असा समन्वय करणे आमच्या कायद्याने त्यांना भागच होते. पण त्याच चीनने जागतिक व्यापार संघटनेपुढे या मालावरचे निर्यात-नियंत्रण सोडल्याचे सांगितले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २०१८ रोजी एकमताने ठरवले की अशा निवेदनाचा आदरपूर्वक विचार करावा, मात्र न्यायालय त्याने बांधले जात नाही. निवेदन किती स्पष्ट आहे, ते कोणत्या संदर्भात दिले गेले आणि त्याच सरकारने इतरत्र काय म्हटले आहे, हे तपासावे. या निकालाने त्या खटल्याचा निवाडा मात्र झाला नाही. प्रकरण खाली परत गेले, आणि तिथल्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये चिनी कंपन्यांच्या बाजूनेच निर्णय दिला. हे पुढचे पान न उलटता सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरोधात गेला असे समजणारे लेख अजूनही दिसतात.

माझ्या त्या टिपणाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. क्रमांक दुरुस्त करून मी सगळीकडे १२४० लिहिले आणि नवी प्रत पाठवली. तिकडून पुन्हा एक ओळ आली : नुकसान नेमके कोणत्या तारखेला झाले? तारीख २०१६ च्या ऑक्टोबरआधीची होती. मग मी त्या काळातल्या घटनांवरचे फ्रेंच निकाल काढून पाहिले, तर न्यायालयाने त्यांत 'कलम १३८२, जे आता १२४० झाले आहे' असे दोन्ही आकडे एकत्र लिहिलेले होते. तिसऱ्या प्रतीत मीही तसेच लिहिले.